चिंध्यांतील गोष्ट

ज्यांचें बालपण गोधडीच्या उबेंत गेलें आहे, अशा श्रोत्यांना माझा आजचा विषय फार समजावून सांगावा लागणार नाहीं. पावसाळ्याच्या रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं आजी शेजारीं येऊन बसे, आणि गोधडीच्या एकेका तुकड्यावर बोट ठेवून मुलें विचारीत, "हा कोणाचा?" हा निळ्या ठिपक्यांचा तुकडा आत्याच्या परकराचा, हा विटकरी कांठ थोरल्या काकूच्या लग्नांतल्या लुगड्याचा, आणि हा पट्ट्यापट्ट्यांचा चौकोन मामा जो सदरा घालून आंब्यावरून पडला, त्या सदऱ्याचा. प्रत्येक तुकड्यामागें एक माणूस, आणि प्रत्येक माणसामागें एक गोष्ट. जिला स्वतःची सही करतां येत नव्हती, तिनें घराचा इतिहास अशा रीतीनें धावदोऱ्यानें लिहून ठेवलेला असे, आणि ज्याला अद्याप अक्षरओळख झालेली नाहीं असें मूल तो बोटानें वाचीत असे.

कापडाचें आणि कथेचें हें नातें भाषेनें फार पूर्वींच ओळखलेलें आहे. आपण कथेचें सूत्र म्हणतों, गोष्टीला अनेक पदर आहेत असें म्हणतों, कथानकाची वीण घट्ट कीं सैल हें पाहतों. नाटकांत प्रारंभींच रंगभूमीवर येतो, त्याचें नांवच मुळीं सूत्रधार. इंग्रजींतील 'टेक्स्ट' हा शब्ददेखील विणणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघालेला आहे. तेव्हां लहान मुलांनीं सुई-दोरा हातांत घेऊन गोष्ट सांगावी, ही कल्पना कोणास नवी वाटली, तरी तिचें मूळ जुनें आहे. शिक्षणांत तिचा काय उपयोग होतो, आणि आपण वडील माणसें तो उपयोग अनेकदां कसा हाणून पाडतों, हें आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शाळेंत शिवणाच्या तासाला हातशिलाई, काजें, बटणें, रफू असें जें शिकवितात, तें उपयुक्त आहे यांत शंका नाहीं. परंतु तेथें मुलाला आधींच ठरलेली वस्तु आधींच ठरलेल्या रीतीनें करावयाची असते, आणि शेजारच्या मुलाच्या नमुन्यासारखाच आपला नमुना झाला म्हणजे तें उत्तीर्ण होतें. मी ज्याविषयीं बोलत आहें तें काम याच्या उलट दिशेनें जातें. तेथें मूल आधीं गोष्ट ठरवितें, आणि टांका त्या गोष्टीच्या चाकरीला येतो.

एक साधें उदाहरण घेऊं. लेकीकडे निघालेल्या म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट महाराष्ट्रांतील प्रत्येक घरांत सांगितली गेलेली आहे. सहासात वर्षांच्या मुलाला ती सांगावयास लावली, तर पुष्कळदां तें भोपळा टुणटुणत निघतो त्या गमतीपाशीं एकदम धांव घेतें. वाघ आधीं भेटला कीं कोल्हा, म्हातारी भोपळ्यांत जातांना बसली कीं येतांना, याचा पत्ता राहत नाहीं. आतां त्याच मुलापुढें हातभर लांब आणि वीतभर रुंद असा जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा ठेवा. एका टोकाला म्हातारीचें खोपट, दुसऱ्या टोकाला लेकीचें घर, आणि मधून तपकिरी दोऱ्याच्या धावदोऱ्यानें घातलेली वाट. वाटेवर रानांतलीं जनावरें. भोपळा म्हणजे वरून उघडी असलेली एक पिवळी खिशासारखी पिशवी, आणि म्हातारी म्हणजे तिच्यांत मावेल अशी बोटभर चिंधीची बाहुली.

आतां पाहा, मुलापुढें किती प्रश्न उभे राहतात. कोणतें जनावर खोपटाजवळ शिवावयाचें आणि कोणतें लांब? भोपळा वाटेच्या कोणत्या टोकाला ठेवावयाचा? म्हातारी जातांना रोड आणि येतांना लठ्ठ. मग बाहुली एक करावयाची कीं दोन? माझ्या वर्गांतल्या एका मुलीनें यावर अशी तोड काढली, कीं बाहुलीच्या पाठीला एक फट ठेवली, आणि बाहुली लेकीच्या घरीं पोंचली कीं त्या फटींतून तिच्या पोटांत कापूस भरावयास सुरुवात केली. परतीची वाट तीच असली, तरी परत येणारी म्हातारी तीच राहिलेली नाहीं, हें त्या गोष्टीचें सारें मर्म त्या मुलीच्या हातानें जाणलें होतें. तें मी तिला फळ्यावर लिहून समजावूं शकलें नसतें.

हें असें कां होतें? पहिलें कारण म्हणजे या कामाचा मंदपणा. खोपटापासून लेकीच्या घरापर्यंत वाट घालावयास लहान हाताला पन्नास-साठ टांके लागतात. तेवढ्या वेळांत हात गुंतलेले असतात, पण तोंड मोकळें असतें. मूल शिवतां शिवतां पुटपुटतें, शेजाऱ्याला सांगतें, वाघाच्या आवाजांत बोलतें, आणि गोष्ट दहा वेळां मनांतून फिरून पक्की होते. दुसरें कारण असें, कीं कापड सर्व कांहीं मावूं देत नाहीं. गोष्टींतलें काय ठेवावयाचें आणि काय गाळावयाचें, याची निवड करणें भागच पडतें, आणि निवड हीच तर कथनकलेची पहिली पायरी आहे. तिसरें कारण चुकीसंबंधीं आहे. वहींतील चुकीवर तांबडी रेघ ओढली म्हणजे ती कायमची दिसत राहते. टांका उसवतां येतो, आणि उसवलेला दोरा कित्येकदां पुन्हा वापरतांही येतो.

परंतु सर्वांत मोठें कारण याहून साधें आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या मनांतील गोष्ट त्याच्या हस्ताक्षरापेक्षां फार लांब असते. त्याला आपण पाटीवर चार ओळी लिहावयास सांगतों, आणि त्या चार ओळी पाहून त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं नाहीं असा निष्कर्ष काढतों. ज्याला लिहितां येत नाहीं त्याच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असूं शकतें, ही गोष्ट जगांतील स्त्रियांनीं कापडावर वारंवार सिद्ध करून दाखविली आहे. त्यांचीं तीनचार उदाहरणें येथें सांगणें अवश्य आहे, कारण मुलांच्या कामाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें तें त्यांवरून कळतें.

आपल्या गोधडीची बंगाली बहीण म्हणजे काँथा. जुन्या साड्या आणि धोतरें थरावर थर ठेवून, पुष्कळदां साडीच्या कांठांतून ओढून काढलेल्या रंगीत दोऱ्यांनीं, बंगालमधील स्त्रिया तिच्यावर कमळें, हत्ती, पालख्या आणि अवघे प्रसंग भरीत आल्या आहेत. कवि जसीमुद्दीन यांनीं १९२९ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'नक्शी काँथार माठ' या कथाकाव्याची नायिका आपल्या संसाराची सारी हकीकत अशा एका काँथेवर टांक्यांनीं उतरविते, आणि मेल्यावर ती आपल्या कबरीवर पसरावी असें आईला सांगून ठेवते. ही कविकल्पना खरी. परंतु खेड्यांतील स्त्री आपलें आयुष्य कापडावर लिहूं शकते, यावर वाचकांचा विश्वास बसला, कारण त्यांनीं तसल्या काँथा पाहिलेल्या होत्या.

दुसरें उदाहरण दक्षिण अमेरिकेंतील चिलीचें. तेथें १९७३ च्या सप्टेंबरांत लष्करानें सत्ता बळकावल्यावर हजारों माणसें पकडलीं गेलीं, आणि कित्येकांचा पुढें ठावठिकाणाच लागला नाहीं. त्यांच्या आया, बहिणी आणि बायका सँटियागो शहरांत चर्चच्या आश्रयानें एकत्र जमून तरटावर रंगीत चिंध्या शिवूं लागल्या. डोंगर, घरें, शिपाई, आणि हातांत फोटो धरून उभ्या असलेल्या बाया, असें त्या कापडांवर दिसे; कित्येकींनीं त्यांत हरवलेल्या माणसाच्याच कपड्याचा तुकडा लावला. वर्तमानपत्रांना जें छापतां येत नव्हतें, तें या चिंध्यांनीं देशाबाहेर जाऊन सांगितलें. तिसरें उदाहरण लाओसमधील ह्माँग लोकांचें. १९७५ नंतर ते घरदार सोडून, मेकाँग नदी ओलांडून थायलंडमधील निर्वासितांच्या छावण्यांत आले. त्यांच्या स्त्रिया भरतकामांत पूर्वींपासून निपुण होत्या. छावणींत त्यांनीं सोडलेलें गांव, जळणारीं घरें आणि ती नदी कापडावर भरावयास आरंभ केला. त्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें पुढें अमेरिकेंत गेलीं. ज्या मुलांनीं तें गांव कधीं पाहिलें नाहीं, त्यांना आईबाप तेव्हांपासून तें कापड पसरून दाखवीत आले.

आणि शेवटीं एक असें उदाहरण, कीं ज्यांत कापडावरची गोष्ट सरळ मुलांच्या हातीं आली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत १९३० सालीं जन्मलेल्या फेथ रिंगोल्ड या चित्रकर्तीनें १९८८ मध्यें एक गोधडी केली. मधोमध चित्र, आणि कडेच्या कापडी पट्ट्यांवर लिहिलेली गोष्ट. उन्हाळ्याच्या रात्रीं इमारतीच्या डांबरी गच्चीवर अंथरुणावर पडलेली आठ वर्षांची कॅसी आकाशांत उडते, आणि ज्यावरून उडेल तें आपलें झालें असें ठरविते. तिच्या बापाला त्याच्या वर्णामुळें कामगारसंघांत प्रवेश नाहीं. म्हणून ती त्या संघाच्या इमारतीवरून उडून ती बापाला देऊन टाकते. १९९१ सालीं 'टार बीच' या नांवानें या गोधडीचें मुलांचें पुस्तक झालें, आणि तें तिकडील असंख्य शाळांत वाचलें गेलें. घराण्यांतील आधींच्या पिढ्यांतल्या स्त्रियांनीं गोधड्या शिवाव्या, आणि पुढच्या पिढींतील मुलीनें त्याच हस्तकलेंत घराण्यावर झालेला अन्याय लहान मुलीच्या तोंडून सांगावा, यापेक्षां अधिक स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां शिक्षणशास्त्राकडे वळूं. मुलाच्या हातीं दोरा द्यावा हें शिक्षणशास्त्रास नवें नाहीं. १८३७ सालीं जर्मनींत ब्लांकेनबुर्ग येथें बालशाळा काढणाऱ्या फ्रोबेलनें मुलाच्या हातीं दिलेली पहिली देणगी म्हणजे लोकरीचे रंगीत चेंडू. आणि पुढील उद्योगांत टोचलेल्या पुठ्ठ्यावर शिवणें व कागदी पट्ट्यांची वीण घालणें यांना त्यानें स्थान दिलें. आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेनें, आणि तिनें नेमलेल्या झाकिर हुसेन समितीनें, हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्यबिंदु मानला. टकळीवर सूत काढतां काढतां मुलानें गणित, भूगोल आणि इतिहास शिकावा, असा तो विचार होता. शाळेनें आपल्या खर्चाचा भार उद्योगांतून उचलावा या कल्पनेवर त्या वेळीं मोठा वाद झाला. पण हात आणि बुद्धि यांची फारकत करूं नये, हें त्यांतील तत्त्व त्या वादानें खोटें ठरत नाहीं. त्यानंतर १९४५ मध्यें ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस खेड्यांतील मुलांसाठीं काम सुरू केलें, तेव्हां मॉन्टेसरीचीं महाग साधनें बाजूला ठेवून परिसरांत फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणाचीं साधनें घडविलीं. आपल्या घरांतील चिंध्यांची बोचकी ही त्याच जातीची वस्तु आहे.

इतकी परंपरा असतांना हें काम आपल्या शाळांतून रुजलें कां नाहीं? याचें उत्तर मला माझ्याच एका चुकीवरून देतां येईल. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत लहान मुलांना शिकवीत असें. वार्षिक संमेलनाच्या प्रदर्शनासाठीं मुलांनीं कापडावर गोष्टी शिवाव्या असें ठरलें. वर्गांत एक अबोल मुलगी होती. तिनें म्हातारीच्या गोष्टीचेंच कापड केलें. पण वाट अर्ध्यावर आली तेथें काळ्या दोऱ्याचा भलताच गुंता झालेला होता. टांक्यावर टांका, गांठीवर गांठ. प्रदर्शनाला पाहुणे येणार, पालक येणार. आदल्या दिवशीं सायंकाळीं शाळा सुटल्यावर मीं बसून तो गुंता कात्रीनें काढला, आणि त्या जागीं सरळ, सारख्या अंतराचा तपकिरी धावदोरा घातला. वाघाचा एक डोळा कपाळावर गेला होता, तोही खालीं आणला. मला वाटलें, मुलीला आनंद होईल.

दुसऱ्या दिवशीं पाहुण्यांनीं त्या कापडापाशीं थांबून तिला गोष्ट सांगावयास सांगितलें. ती कापडाकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि म्हणाली, "हें माझें नाहीं." मीं समजूत घातली, नांवाची चिठ्ठी दाखविली, पण ती पुढें एक अक्षर बोलली नाहीं. संध्याकाळीं मीं तिला जवळ घेऊन विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "बाई, तिथें रान होतं. तिथें म्हातारी वाट चुकली होती." जो मला गुंता दिसला, तें रान होतें. आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींत म्हातारी वाट चुकत नाहीं. तो भाग त्या मुलीनें स्वतः रचला होता. वर्षभरांत तिनें स्वतःचें म्हणून जें एक सांगितलें, तेंच मीं कात्रीनें कापून टाकलें. तिच्या त्या रानांत काय होतें, म्हातारी तेथून कशी बाहेर पडली, हें मला पुढें कधीं कळलें नाहीं. तिनें पुन्हा सांगितलें नाहीं, आणि विचारण्याचा अधिकार मीं गमावला होता.

तेव्हांपासून माझें असें मत झालें आहे, कीं या शिक्षणाचा शत्रु अनास्था नव्हे, नीटनेटकेपणा आहे. वस्तु चांगली दिसावी या हौसेनें आपण मुलाच्या हातांतून सुई काढून घेतों, आणि सुईबरोबर गोष्टही जाते. चिलींतील एकाद्या मातेचे टांके वांकडे आहेत म्हणून ते उसवून नीट करावे असें कोणास वाटेल काय? मग मुलाच्या टांक्याला तो मान कां नाहीं?

हें ध्यानांत ठेवून ज्या घरांना हा प्रयोग करून पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठीं थोड्या व्यवहाराच्या सूचना देतें. चार वर्षांच्या मुलाला सुई देऊं नये. मोठ्यांनीं कापून दिलेले तुकडे त्यानें खळीनें दुसऱ्या कापडावर चिकटवावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास बोथट टोंकाची जाड सुई, मॅटीचें विरळ विणीचें कापड किंवा स्वच्छ धुतलेलें तरट, आणि जाड सूत द्यावें. दोरा मुलाच्या हातापेक्षां लांब घेऊं नये. लांब दोरा गुंतून मूल कंटाळतें. या वयाला एक धावदोरा पुरतो. आठनऊ वर्षांच्या मुलांना साखळीटांका, गांठीचा टांका आणि ठिगळ लावणें हीं सहज साधतात. काम सुरू करतांना सुया मोजून द्याव्या आणि संपतांना मोजून परत घ्याव्या. हा नियम मुलें मोठ्या अभिमानानें पाळतात.

क्रम असा ठेवावा. आधीं मुलानें गोष्ट तोंडानें सांगावी. ती ऐकलेली असो, घरांत घडलेली असो, कीं मनानें रचलेली असो. मग तिच्यांतलीं तीनच ठिकाणें निवडावीं: जेथें ती सुरू होते, जेथें कांहीं बिघडतें, आणि जेथें ती संपते. त्यानंतर शिवणें. शिवून झाल्यावर मुलानें कापड पुढें घेऊन पुन्हा सांगावें. या दुसऱ्या वेळची गोष्ट पहिल्यापेक्षां लांब आणि निराळी निघते असा माझा अनुभव आहे. ती मुलाच्याच शब्दांत, एकही शब्द न सुधारतां, मोठ्यांनीं कागदावर उतरून घ्यावी, आणि त्या कागदासाठीं कापडाच्या मागें एक खिसा शिवावा. वर्ग असेल तर प्रत्येकाचा वीतभर चौकोन करून सर्वांची एक गोधडी जोडावी. कोणाचा चौकोन कोणाच्या शेजारीं यावा याविषयीं मुलांत जी चर्चा होते, तींतून स्वतंत्र गोष्टी एकत्र येऊन एक मोठी गोष्ट तयार होते.

आक्षेप ठाऊक आहेत. कोणी म्हणेल, सुई-दोरा हें मुलींचें काम. ज्या महाराष्ट्रांत नामदेवांसारखा संत शिंप्याच्या घरीं जन्मला, आणि जेथें गांवोगांवीं पुरुष शिंपी पिढ्यान्‌पिढ्या यंत्रावर बसत आले, तेथें हा आक्षेप टिकणारा नाहीं. कोणी म्हणेल, आजच्या मुलाला हातांतल्या पडद्यावर हजार गोष्टी क्षणांत मिळतात, मग एक गोष्ट आठ दिवस कशाला? मीं म्हणेन, याचसाठीं. ज्या गोष्टी मुलाला मिळतात त्या दुसऱ्यांनीं पुऱ्या केलेल्या असतात. त्याला पुरी करावयाची अशी एक तरी गोष्ट त्याच्या हातीं राहूं द्या. परीक्षेंत याला गुण नाहींत हें खरें. परंतु कोणती घटना आधीं, कोणती नंतर, आणि ती कां घडली, हें ज्याच्या हाताला कळलें, त्याला पुढें निबंध लिहितांना तें पुन्हा शिकवावें लागत नाहीं.

आजच्या घरांत विकतचीं पांघरुणें आलीं, जुनें लुगडें बोहारणीकडे जाऊं लागलें, आणि "हा कोणाचा?" असें विचारण्याजोगा तुकडाच मुलाच्या बोटाखालीं राहिला नाहीं. तो काळ परत आणा असें मी म्हणत नाहीं. एवढेंच सुचवितें, कीं पुढच्या वेळीं कपाट आवरतांना एक बोचकें बाजूला ठेवा, मुलाला शेजारीं बसवा, आणि एक बोथट सुई ओंवून द्या. त्यानें शिवलेलें वांकडें असेल. तें तसेंच राहूं द्या, आणि जेथें गुंता दिसेल, तेथें कात्री उचलण्यापूर्वीं एकदां विचारा, "इथें काय झालं?"